मोजलेलं घर

मुल्लाणी बाईंनी मला शेवटपर्यंत 'पावणं' म्हटलं. ओळख होऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या भाचीच्या लग्नात मी वाढायला उभा राहिलो, माझ्या बायकोच्या आजारपणात त्यांनी उचगावाहून एसटीनं डबे आणून दिले, तरी मी पावणंच. एकदा मी म्हणालो, बाई, आता तरी नावानं हाक मारा. त्या म्हणाल्या की नाव ही जपून वापरायची गोष्ट आहे, उगीच तोंडात घोळवायची नाही. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

मी कोल्हापुरातल्या एका जुन्या दैनिकाच्या कचेरीत कामाला होतो. जुन्या अंकांची खोली माझ्या ताब्यात होती. तिथं येणारी माणसं ठरलेली. कुणाला वडिलांच्या निधनाची बातमी हवी असायची, कुणाला जमिनीची जाहीर नोटीस, एखाद्याला स्वतःचाच शाळकरी वयातला फोटो. आल्या आल्या ती काय हवं ते सांगत. बाई आल्या आणि त्यांनी नुसतं वर्ष सांगितलं. कोणती बातमी, असं विचारल्यावर म्हणाल्या, "ते तुमाला सांगता येत न्हाय, पावणं. तुमी आपलं गठ्ठं काढा."

उंच, हाडापेराच्या बाई. सुती साडी, डोक्यावरून पदर, नाकाला धुळीसाठी रुमाल बांधलेला. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की शेजारच्या जाहिरात विभागातली माणसं माना वर करून बघत. अशा ठिकाणी हळू बोलतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं पटलं नव्हतं. त्या पेपराशी भांडायच्या. वाचता वाचता मध्येच "व्हय रं? आन् मग पुढं काय झालं ते कोन सांगनार?" असं छापील ओळीला विचारायच्या. पहिल्या पानाकडं ढुंकूनही बघत नसत. आतल्या पानांवर तळाशी, जाहिरातींच्या फटीत बसवलेल्या चार ओळींच्या बातम्या असतात, त्यावर त्यांचं भिंग फिरायचं. मोठ्या बातमीत पुढारी असतात, माणसं बारक्या बातमीत असतात, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी त्या बाहेरच्या पायरीवर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायच्या. रमजानात त्या वेळेला तिथंच डोळे मिटून बसायच्या आणि परत आत यायच्या. वर्षामागून वर्षाचे गठ्ठे त्यांनी संपवले. मला काही सांगितलं नाही.

त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणं अवघड असायचं. कुठं मोकळा प्लॉट दिसला, दोन घरांमध्ये दात पडल्यासारखी जागा दिसली, की त्या थांबत. समोरच्या टपरीवाल्याला विचारत, हितं आधी कोण राहायचं? टपरीवाला म्हणे माहीत नाही. मग बाई म्हणत, "रोज हितंच बसतोस न्हवं? मग म्हाईत न्हाय म्हंजे काय?" तो चिडायचा. मी हात जोडून बाईंना पुढं न्यायचो. पुढं गेल्यावरही त्या मागं वळून त्या मोकळ्या जागेकडं बघत राहायच्या, कुणीतरी हाक मारल्यासारख्या.

त्यांच्या शाळेतले एक सर मला म्हणाले होते की बाई हजेरी घेताना शेवटच्या मुलाचं नाव झाल्यावर लगेच वही मिटत नसत. आणखी एक 'हजर' यायचा राहिलाय अशा थांबत. पोरांना त्याची भीती वाटायची.

एका दुपारी बाईंचं भिंग थांबलं. मी समोरच बसलो होतो. त्यांनी एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचली. मग गठ्ठा मिटला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीकडं बघत बसल्या. मी चहा मागवला. चहा निवला. मग त्या बोलायला लागल्या, आणि त्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीच्या बाहेर गेला नाही.

नोकरीच्या सुरुवातीला त्यांना शिरगणतीचं काम लागलं होतं. शिक्षकांना लागतंच. वारणेच्या काठचं एक गाव वाट्याला आलं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण बाईंनी तसं वचन घेतलं आहे. घराघरावर गेरूनं नंबर टाकायचा, घरातली माणसं कागदावर उतरवायची. गावाच्या टोकाला, शेताला लागून एक कौलारू घर होतं. नवरा-बायको, म्हातारी सासू, एक मुलगी. बाबू आणि तानूबाई. मुलगी दाराआडून बघत होती, तिचं नाव गंगू. तानूबाईनं पाणी दिलं, गूळ-शेंगा हातावर ठेवल्या आणि विचारलं, हे लिहून काय होतं? नव्या नोकरीच्या उत्साहात बाईंनी सांगितलं, की एकदा लिहिलं की तुम्ही आहात हे सरकारला कळतं, ते कुणाला पुसता येत नाही.

पुढच्या शिरगणतीला योगायोगानं तेच गाव मिळालं. बाई खुशीत गेल्या. गावाच्या टोकाला गेल्या तर तिथं ऊस होता. घर नाही, पडकी भिंत नाही, चौथराही नाही. उंच, हिरवागार ऊस. शेजारच्या घरात विचारलं, इथलं घर कुठं गेलं? तिथला माणूस म्हणाला, "हितं कवाच घर नव्हतं, बाई. तुमी दुसऱ्या गावाचं म्हनत असशीला." पुढच्या घरी विचारलं. तेच उत्तर. त्याच्या पुढच्या घरी गेल्या, तर बाईमाणूस होती, तिनंही शब्दाला शब्द तेच उत्तर दिलं.

"उत्तर कळलं न्हाय म्हणून भ्या वाटलं न्हाय, पावणं," बाई मला म्हणाल्या. "समद्यांचं उत्तर एकच हुतं, म्हणून भ्या वाटलं. वर्गात समद्या पोरांची गणितं एकसारखी चुकली की मास्तरला कळतं."

वरच्या साहेबांना विचारलं तर साहेब म्हणाले, जी माणसं आहेत ती मोजा, नाहीत ती मोजायचं आपलं काम नाही. नियमानं ते बरोबरच होतं. शिरगणतीत ऐकलेलं नाव बाहेर सांगायचं नाही, हाही नियमच. बाईंनी तो पाळला. म्हणून तर त्या इतकी वर्षं माझ्यासमोर बसून काय शोधतायत ते मला सांगत नव्हत्या.

मधल्या काळात एक वेळ अशी आली होती, की त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना. गाव सांगतंय घर नव्हतं, मग आपण कुणाच्या हातचा गूळ खाल्ला? निवृत्तीनंतर त्या शुक्रवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या पेन्शनराकडं जाऊन मोडी शिकल्या, ते त्यासाठी. जुन्या कागदांच्या सरकारी कचेरीत संस्थानच्या काळातली खानेसुमारी रुमालात बांधून ठेवलेली असते. त्या गावचा रुमाल त्यांनी सोडवला. त्यात घरामागून घर, माणसं, बैल, म्हशी. शेवटच्या घराला तेच आडनाव होतं. म्हणजे ते घर पिढ्यान् पिढ्या तिथं होतं. त्या कचेरीच्या जिन्यात बसून आपण रडलो, असं त्यांनी मला सांगितलं, आणि लगेच म्हणाल्या की धुळीनं डोळे आले होते.

आणि त्या दुपारी सापडलेली बातमी अशी होती. ऊसतोडीला आलेला एक मजूर गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीत मेलेला सापडला. खटला उभा राहिला. गावातला एकच शेतकरी साक्षीला उभा राहिला, आणि उलटतपासणीतही तो आपल्या साक्षीवर कायम राहिला. साक्षीदाराचं नाव बाबू. पुढं आडनाव. ते असं छापूनच आलेलं होतं, म्हणून बाई आता बोलल्या. पुढच्या गठ्ठ्यांत बाईंनी खूप शोधलं, पण खटल्याचं काय झालं ते कुठं आलं नव्हतं.

मला वाटलं, आता शोध संपला. बाईंना तसं वाटलं नाही. बातमीनं कारण सांगितलं होतं, माणसं दिली नव्हती.

मग अलीकडं ती लाट आली. जातीच्या दाखल्यासाठी पणज्या-खापरपणज्याची जुनी नोंद शोधायला गावंच्या गावं निघाली. मोडी वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. जुन्या पानांच्या झेरॉक्स घेऊन आलेल्या जीपगाड्या उचगावात बाईंच्या दारात उभ्या राहू लागल्या. बाईंसोबत राहणारी भाची शबाना कपबशा धुऊन दमायची. बाईंची एकच अट असायची. आलेल्या माणसानं आपल्या आज्याचं नाव ऐकलं की उठायचं नाही. पूर्ण पान ऐकायचं. शेजारच्या घरात कोण होतं, पलीकडं कोण होतं, सगळं. "तुझा आज्जा एकटाच राहत हुता काय गावात? शेजार बी आईक," असं म्हणून त्या खणखणीत आवाजात सगळं गाव वाचून दाखवायच्या. लोक घाईत असायचे, चुळबुळ करायचे. पण ऐकायचे. चार-पाच पिढ्यांपूर्वीची माणसं त्या ओसरीवर नावानिशी उभी राहायची. मी स्वतः ते पाहिलं आहे.

असाच एक दिवस विश्वजित नावाचा तरुण आला. चांगल्या घरचा, नम्र. गावाचं नाव आणि त्याचं आडनाव ऐकून बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. ज्यांच्या विहिरीत तो मजूर सापडला होता, बातमीत नाव आलेल्या त्या थोरल्या घराचा हा नातू. बाईंनी चेहरा हलू दिला नाही. त्याच्या खापरपणज्याची नोंद वाचली आणि तशाच पुढं वाचत गेल्या, शेवटच्या घरापर्यंत. विश्वजित म्हणाला, हे आडनाव आमच्या गावात नाही. कोण हे?

"तुज्या आज्जीला इचार," बाई म्हणाल्या.

पंधरवड्यानं त्याचा फोन आला. आजी तुम्हाला बोलावते. बाई मला सोबत घेऊन गेल्या. थोरल्या घराचा पुढचा भाग स्लॅबचा, नवा. मागं मात्र जुनं कौलारू घर तसंच ठेवलेलं. आजीनं ते कुणाला पाडू दिलं नव्हतं. गाव तिला थोरली काकी म्हणतं. ती तिथंच खाटेवर पडून होती, पण डोळे लख्ख होते. बाईंना जवळ बसवून घेतलं. विश्वजित दारात उभा होता. त्याला बाहेर पाठव, असं ती म्हणाली नाही.

काकीनं सगळं सांगितलं. तिच्या दिरानं त्या मजुराला विहिरीवर मारलं, ते बाबूनं बघितलं होतं. त्यानं ते कोर्टात सांगितलं. कोर्टात पुढं काही टिकलं नाही, दीर सुटून आला. मग बाबूचं घर वाळीत पडलं. गिरणीत दळण घेईनात, विहिरीवर पाणी भरू देईनात. तानूबाईची सासू त्यातच गेली, तिला खांदा द्यायला कुणी आलं नाही. एका सकाळी त्यांनी गाडी जुंपली आणि सगळ्या गावासमोरनं निघून गेले. एकही दार उघडलं नाही.

"गाडी गेल्यावर मामंजींनी गाव गोळा केला," काकी म्हणाली. "म्हनाले, परत्येक घरानं तितलं एकेक कौल न्यायचं आन् आपल्या छपराला घालायचं. म्हंजे उद्या कुनी कुनाला बोलायचं न्हाय. समद्यांनी नेलं. भिंती पावसानं गेल्या. मग नांगर घातला."

मग काकीनं छपराकडं हात केला.

"त्यातलं एक वर हाय. कितीबी शाकारलं तरी पावसात तितनंच गळतंय."

आम्ही वर बघितलं. सगळी कौलं धुरानं सारखीच काळी झालेली. त्यातलं कोणतं, ते कळत नव्हतं. पण एकदा ते ऐकल्यावर मला त्या छपराखाली बसवेना. विश्वजित दारातून कधी निघून गेला, ते आम्हाला समजलं नाही. नंतर त्यानंच गाडीतून आम्हाला एसटीच्या फाट्यावर सोडलं. उतरताना त्यानं बाईंना विचारलं की आता मी काय करू? बाई म्हणाल्या, "ते मला न्हाय सांगता येनार, बाळा. मी मोजनारी बाई."

तानूबाईचं माहेर निपाणीच्या पलीकडं होतं, एवढं काकीला आठवत होतं. तेवढ्यावर बाई निघाल्या. सीमेवरच्या त्या गावांत बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. बाई एकट्या एसटीनं जायच्या, दिवसभर ओसऱ्यांवर बसायच्या आणि परत यायच्या. गंगू सापडली. आता ती गंगव्वा होती, लेक-जावई असलेली, केस पांढरे झालेली. तिनंही आधी सांगितलं, की आमी हितलंच, त्या गावाशी आमचा काय संबंध न्हाय. गाव आणि ती, दोघांनीही ते घर नाकारलं होतं. बाई उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तुझ्या आईनं माझ्या हातावर गूळ-शेंगा ठेवल्या होत्या. तू दाराआड होतीस, परकर तोंडात धरून. तुझं नाव मी माझ्या हातानं लिहिलं आहे.

गंगव्वा आत गेली ती बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आली.

हे सगळं बाईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, त्या घरी आल्या होत्या. सांगता सांगता थांबल्या, पाणी मागितलं.

"ती काय म्हनाली, म्हाईत हाय, पावणं? म्हनाली, आमची आई, अव्वा, मरंपतूर सांगायची, गावानं काय बी करू दे, सरकारी बाईच्या कागदावर आपलं घर हाय. ते कुनाला पुसता येत न्हाय."

शिरगणतीचे ते कागद आकडे काढून झाले की ठेवत नाहीत, हे मला बाईंकडूनच कळलं होतं. ते कधीच नष्ट झाले असणार. मी विचारलं, हे तुम्ही तिला सांगितलंत का?

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "कसं सांगू? आता कागद म्हंजे मीच."

त्यानंतर त्यांची झोप गेली, असं शबाना सांगायची. दिवसाही बसल्या जागी ओठ हलायचे. त्या नावं म्हणत असाव्यात. वय झालं होतं, विसरायला होत होतं. भाजीत मीठ दोनदा पडायचं. आपण ते घर विसरलो तर, या भीतीनं त्यांना धरलं होतं.

ऊस तुटून शिवार मोकळं झालं तेव्हा गंगव्वा एकदा येऊन बघायला तयार झाली. जावयानं तिला मोटारसायकलवर आणलं. तो बांधावर थांबला. आम्ही तिघं पाचटातून आत गेलो. उघडं रान, सगळीकडं सारखंच. गंगव्वा इकडंतिकडं फिरली आणि म्हणाली, मला काहीच ओळखू येत नाही. तिचा चेहरा रडवेला झाला होता. बाईंनी आता टोकाला राहिलेलं घर बघितलं, लांबचं झाड बघितलं, काही पावलं पुढं गेल्या, थोड्या डावीकडं सरल्या आणि उभ्या राहिल्या.

"हितं उंबरा," त्या म्हणाल्या.

गंगव्वा तिथं आली. मोकळ्या रानात तिनं साडीचा काठ किंचित उचलला, पाय वर घेतला, आणि नसलेला उंबरा ओलांडून ती आत गेली. मग डोक्यावरून पदर घेऊन खाली बसली. बाई बाहेरच उभ्या राहिल्या. मी दुसरीकडं बघितलं. बांधावर जावई चप्पल काढून उभा होता.

ती किती वेळ बसली, मी पाहिलं नाही. उठली तेव्हा तिनं बाईंचा हात धरला आणि सोडला. आमच्या निपाणीकडच्या गावात कुणाला काही बोलू नका, आडनाव छापू नका, एवढंच म्हणाली. जावयाच्या मागं बसून ती गेली.

त्या दिवसानंतर मुल्लाणी बाई मला दिसल्या नाहीत. मी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडं पुण्याला गेलो आणि तिकडंच राहिलो. पावसाळ्यात शबानाचा फोन आला. सकाळी चहा घेता घेता गेल्या. मी पोचेपर्यंत दफन झालं होतं. शबाना म्हणाली, काल कुठल्या तरी खेड्यातली माणसं आली होती, दोन म्हाताऱ्या बायका आणि एक म्हातारा. कोण, कुठले, सांगितलं नाही. ओसरीवर बराच वेळ खाली मान घालून बसली आणि पाणीसुद्धा न घेता गेली.

मला आठवतात त्या बाई त्या शिवारातल्या दिवसाच्या. गंगव्वा गेल्यावर आम्ही दोघं गावातून चालत फाट्याकडं निघालो. ऊन कलत होतं. बाया दारात धान्य निवडत होत्या, त्यांनी आम्हाला बघितलं आणि एकेक करून आत गेल्या. फाट्यावर एसटी आली. मी चढलो, हात पुढं केला. बाई खालीच.

"तुमी व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "माजं मोजायचं अजून हाय."

कंडक्टरनं घंटी दिली. मी मागच्या काचेशी गेलो. धुरळ्यातून दिसलं ते एवढंच. बाई गावाकडं परत वळल्या होत्या. फाट्याला लागूनच असलेल्या पहिल्या घराशी थांबल्या, पदर डोक्यावर नीट केला आणि मिटलेल्या दारावर हाताच्या पंजानं थाप मारली. त्यांचा तो खणखणीत आवाज मला गाडीत ऐकू आला. त्या बाबूचं नाव घेत होत्या, आडनावासकट.

दार आतून किलकिलं झालं. तेवढ्यात गाडी वळली.